शेवटच्या फेऱ्यांतली नावे

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघांनी १९८८ साली नवी मुले निवडली, तेव्हा माइक पियाझा नावाच्या मुलाचा नंबर लागला १,३९० वा. फेरी बासष्टावी. त्याच्या आधी हजारावर नावे घेऊन झाली होती आणि खरे सांगायचे तर हे नावही संघाला नकोच होते. मुलाच्या वालिदांची लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचे मॅनेजर टॉमी लासोर्डा यांच्याशी जुनी दोस्ती. लासोर्डांनी शब्द टाकला, संघाने मेहरबानी म्हणून नाव घेऊन टाकले. म्हणजे चक्क शिफारस. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात, तोच.

२०१६ च्या जुलैमध्ये हाच पियाझा न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन गावी हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. बेसबॉलमध्ये याहून मोठा मान नाही. त्या दिवशी त्याच्या शेजारी केन ग्रिफी ज्युनियर होता. ग्रिफी १९८७ च्या निवडीत अगदी पहिला. पहिल्या नंबरावर निवड होऊन हॉल ऑफ फेमपर्यंत पोचलेला तो पहिलाच खेळाडू, आणि पियाझाइतक्या खालच्या नंबरावरून तिथे पोचलेला दुसरा कोणी नाही. एक यादीच्या डोक्यावरचा, एक यादीच्या तळाचा, आणि एकाच मंचावर दोघे.

बेसबॉलशी आमचा काय संबंध, असे घरचेही विचारतात. संबंध इतकाच की धाकट्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. सुरुवातीला तो फोनवर खेळाचे काहीबाही सांगायचा आणि आम्ही नुसते "अच्छा, अच्छा" करायचो. मग क्रिकेटचा हिशेब लावत लावत खेळ थोडाफार कळू लागला. पण मनात बसली ती ही निवड, आणि त्यातही शेवटच्या फेऱ्या. पहिल्या नावांचे कौतुक करायला अख्खी अमेरिका बसलेली असते. आम्ही तळाकडची काही नावे वहीत उतरवून घेतो आणि पुढची चार-पाच वर्षे ती मुले कुठल्या गावात, कुठल्या संघात आहेत ते मोबाइलवर बघत राहतो. रोज सकाळी वर्गाची हजेरी घेणाऱ्या माणसाला असला छंद लागावा, यात नवल नाही.

या निवडीला तिथे ड्राफ्ट म्हणतात. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. जो जास्त बोली लावेल, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते. तीस संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात, सगळ्यांची पाळी झाली की एक फेरी संपते. साधारणपणे कमजोर संघांना आधी पाळी मिळते. ज्या संघाने नाव घेतले त्याच्याशीच त्या मुलाने बोलणी करायची, दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही. पटले नाही तर सही करू नये, कॉलेजात जावे आणि पुढे पुन्हा नशीब आजमावावे. हायस्कूल संपवलेली मुले, ज्युनियर कॉलेजातली मुले आणि विद्यापीठात तीन वर्षे काढलेली मुले, अशांतून ही निवड होते. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला अशा देशांतल्या मुलांची भरती याच्या बाहेर होते, आणि तिथे सोळा वर्षांच्या पोरांशी करार केले जातात. तो विषय वेगळा, आणि आम्हाला न पटणारा.

ही पद्धत १९६५ साली सुरू झाली. त्या काळी फेऱ्यांना मर्यादा नव्हती, संघ दमेपर्यंत नावे घेतली जायची. १९९६ साली तर निवड शंभराव्या फेरीपर्यंत चालली. पुढे फेऱ्या पन्नासवर आणल्या, मग २०१२ पासून चाळीस. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, फक्त पाच फेऱ्या झाल्या, म्हणजे १६० मुले, आणि बाकीच्यांना जास्तीत जास्त वीस हजार डॉलर द्यायचे असा नियम करून टाकला. २०२१ पासून फेऱ्या वीस झाल्या, त्या आजतागायत वीसच आहेत. हे आकडे ध्यानात असू द्या, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता पियाझाची गोष्ट पुरी करू, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. नाव पुकारले गेले म्हणून लगेच करार झाला नाही. संघाला त्याची गरजच नव्हती. पुन्हा लासोर्डांनीच डॉजर्सच्या मैदानावर त्याची चाचणी लावून दिली. मुलगा चेंडू जबरदस्त लांब मारत होता, पण तो ज्या जागेवर खेळायचा त्या जागेसाठी संघाकडे मुले पुष्कळ होती. तेव्हा लासोर्डांचा सवाल होता की हाच मुलगा कॅचर असता तर घेतला असता का? कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, फळीवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. चांगला फटका मारणारा कॅचर दुर्मिळ. त्या एका सवालावर करार झाला, पंधरा हजार डॉलरचा. मग या मुलाने कॅचरचे काम शिकायला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या डॉजर्सच्या अकादमीत मुक्काम ठोकला. तिथे सगळी मुले स्पॅनिश बोलणारी, हा एकटा अमेरिकन. १९९३ साली त्याने मुख्य संघातून ३५ होम रन मारले आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान एकमताने मिळवला. कारकीर्द संपली तेव्हा नावावर ४२७ होम रन होते, त्यांपैकी ३९६ कॅचर म्हणून, आणि हा विक्रम आहे.

मेहनतीचे फळ म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मेहनत होतीच, त्यात वाद नाही. पण आम्हाला यातले दुसरेही काही दिसते. पियाझाचे वालिद मोटारींचे मोठे व्यापारी होते. घरामागे त्यांनी मुलासाठी सरावाचा पिंजरा बांधला होता. टेड विल्यम्ससारखा त्या खेळातला उस्ताद एकदा तिथे येऊन या पोराचे फटके बघून गेला होता. लासोर्डांशी दोस्ती नसती, तर १,३९० वे नाव दुसऱ्या कोणाचे असते आणि पियाझा कदाचित मोटारी विकत राहिला असता. खालून वर आलेल्या मुलांचे हे सर्वांत मोठे उदाहरण, आणि तेच सुखवस्तू घरातले, ओळखीपाळखीचे. मग त्याच्याइतकाच चेंडू मारणारे, पण ज्यांच्या बापाचा कोणी लासोर्डा दोस्त नव्हता, ते किती असतील? त्यांची यादी कुठल्याच संग्रहालयात टांगलेली नाही.

ओळखीने नाव घेण्याची ही चाल पुढेही पुष्कळ वर्षे चालली. शेवटच्या फेऱ्यांत प्रशिक्षकांची मुले, जुन्या खेळाडूंचे पुतणे-भाचे यांची नावे सर्रास घेतली जायची. कधी मात्र या मेहरबानीला वेगळे रूपही यायचे. २०११ साली टेक्सास रेंजर्सने तेहतिसाव्या फेरीत एका कॉलेजच्या मुलाचे नाव घेतले. त्याच वर्षी सामन्यात आपल्याच साथीदाराशी धडक होऊन तो अर्धांगाने जायबंदी झाला होता. ज्याच्याशी धडक झाली, त्या साथीदारालाही रेंजर्सने त्याच ड्राफ्टमध्ये वरच्या फेरीत निवडले होते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाकडून संघाला काय मिळणार होते? काहीच नाही. तरी त्याचे नाव यादीत लागले.

पण बाकीच्यांचे काय? तीसाव्या, पस्तीसाव्या फेरीतली मुले संघ घेतच का होते? उत्तर जरा कडू आहे. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली छोट्या गावांतले चार-पाच संघ असतात. त्यांना मायनर लीग म्हणतात. तिथे पायरीपायरीने मुले तयार होतात. वरच्या फेरीतल्या, लाखो डॉलर मोजून आणलेल्या मुलाला तयार करायचे तर त्याला रोज सामना खेळायला मिळाला पाहिजे. सामन्याला नऊजण लागतात. त्याचे चेंडू झेलायला कोणी लागतो, त्याला चेंडू टाकायला कोणी लागतो. खालच्या फेऱ्यांतली बरीच मुले या भरतीसाठी घेतलेली असतात. त्यांना तसे कोणी तोंडावर सांगत नाही. दुखापत झाली की पहिल्या फेरीतल्याची दोन-दोन वर्षे वाट बघतात. तिसाव्या फेरीतल्याला सामान बांधायला सांगतात. एका मोसमात फलंदाजी बिघडली तर पहिल्याचा "सूर हरवलेला" असतो, दुसऱ्याची "लायकी तेवढीच" असते.

म्हणून आमच्या वहीतली बहुतेक नावे दोन-तीन वर्षांत थांबतात. मोबाइलवर संघाच्या यादीत काल नाव होते, आज नाही. बातमी वगैरे काही नाही. पुढे कोणी शाळेत क्रीडाशिक्षक होत असेल, कोणी बापाच्या दुकानात बसत असेल. आम्हाला एवढेच कळते की त्या गावच्या संघात आता त्या जागेवर दुसरा खेळतो.

घरखर्चाचा हिशेब ज्यांना रोज करावा लागतो, त्यांनी हेही बघावे. २०२३ साली पिट्सबर्ग पायरेट्सने पॉल स्कीन्सला पहिल्या नंबरावर घेतले, करारावर सही करताना ९२ लाख डॉलर दिले. दहाव्या फेरीनंतर निवडलेल्या मुलाला दीड लाख डॉलरपर्यंत देता येतात. त्यावर दिले तर जास्तीची रक्कम संघाच्या ठरलेल्या थैलीतून कापली जाते. दीड लाखही कोणाकोणालाच. विद्यापीठाची सगळी वर्षे संपलेला मुलगा कुठे जाणार? नाही म्हणण्याची त्याच्याकडे सोयच नसते, आणि हे संघांना पक्के ठाऊक असते. तो फार थोड्यावर सही करतो.

त्यानंतर पगार. २०२२ पर्यंत मायनर लीगच्या अगदी खालच्या पायरीवर किमान पगार वर्षाला ४,८०० डॉलर होता. वर्षाला! आणि तोही मोसम चालू असेपर्यंत. मोसमापूर्वी महिना-दीड महिना सराव चालतो, त्याचा पगार नाही. सर्वांत वरच्या पायरीवर किमान १७,५०० डॉलर. मुख्य लीगमध्ये पाऊल टाकले की त्याच वर्षी किमान सात लाख डॉलर. मधे एकच पायरी, पण ती केवढी उंच! पोरे एकेका खोलीत पाच-सहाजण राहायची, जमिनीवर हवा भरलेल्या गाद्या टाकून झोपायची, मोसम संपला की गोदामात, हॉटेलात काम धरायची. काही गावांत एखादे कुटुंब एखाद्या खेळाडूला आपल्या घरी ठेवून घ्यायचे. परक्या मुलाला मोसमभर घरच्यासारखे जेवू घालणाऱ्या त्या बायांबद्दल आम्हाला फार आदर वाटतो.

हे बदलले ते मोठ्या खेळाडूंमुळे नाही. गॅरेट ब्रोशुईस नावाचा एक चेंडूफेक्या होता, २००४ साली पाचव्या फेरीत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने घेतलेला. मायनर लीगमध्ये वर्षे काढली, मुख्य लीग काही दिसली नाही. मग तो कायदा शिकला, वकील झाला आणि २०१४ साली मायनर लीगच्या खेळाडूंतर्फे वेतनाचा दावा उभा राहिला, त्यात त्याने पुढाकार घेतला. मधे २०१८ साली अमेरिकेच्या संसदेने या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळणारी तरतूदही करून ठेवली. तरी दावा चालू राहिला, आणि २०२२ साली साडेअठरा कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षापासून राहण्याची सोय संघांनी करायची असे ठरले आणि मायनर लीगची मुले मोठ्या खेळाडूंच्या युनियनमध्ये सामील झाली. २०२३ च्या करारात खालचा पगार ४,८०० वरून १९,८०० डॉलर झाला, वरचा ३५,८००. ब्रोशुईसचे नाव हॉल ऑफ फेममध्ये लागणार नाही. आमच्या वहीत मात्र ते पियाझाच्या वर आहे.

एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. करार करताना मुलाला पुढच्या शिक्षणाचा खर्च संघाकडून लिहून घेता येतो. खेळ सुटल्यावर ठराविक मुदतीत कॉलेजात परत गेले तर फी संघ भरतो. अठरा वर्षांच्या मुलाला चाळीस-पन्नास हजार डॉलर दिसले की हे कलम दिसत नाही. ते आईबापांनी बघायचे असते. आम्ही असतो तर आधी तेवढेच वाचले असते.

आता मार्क ब्युअर्लीची गोष्ट, जी आम्हाला पियाझाच्या गोष्टीपेक्षा जास्त प्रिय आहे. हा मिझुरी राज्यातला मुलगा. हायस्कूलच्या संघातून त्याला लागोपाठ दोन वर्षे काढून टाकले होते. शाळेच्या संघातून! तिसऱ्या वर्षी त्याने जाणेच सोडले होते, घरच्यांनी समजूत घालून पुन्हा पाठवला. पुढे तो जेफरसन कॉलेज नावाच्या छोट्या ज्युनियर कॉलेजात खेळू लागला. चेंडूला फार वेग नव्हता. १९९८ साली शिकागो व्हाइट सॉक्सने अडतिसाव्या फेरीत त्याचे नाव घेतले, नंबर १,१३९.

त्या काळी एक नियम होता. ज्युनियर कॉलेजातल्या मुलाचे नाव घ्यायचे, पण लगेच करार करायचा नाही. मुलगा आणखी वर्षभर कॉलेजात खेळणार, संघाचा माणूस अधूनमधून येऊन बघून जाणार, आणि पुढच्या ड्राफ्टच्या तोंडावर काय ते ठरवायचे. याला ते "निवडा आणि नजर ठेवा" अशा अर्थाचे नाव देत. खालच्या फेऱ्यांचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे अंग एका वर्षात भरते, हात सुटतो, अक्कलही थोडी येते. पहिल्या दिवशी जे दिसले नाही, ते तीनशेव्या दिवशी दिसू शकते, पण त्यासाठी बघणारा तिथे असला पाहिजे. व्हाइट सॉक्सचा माणूस होता. १९९९ साली करार झाला, २००० च्या जुलैमध्ये ब्युअर्ली मुख्य संघात. हायस्कूलने काढलेला हा मुलगा २००१ पासून २०१४ पर्यंत सलग चौदा मोसम दोनशेच्या वर डाव टाकत राहिला. २००५ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकले. २३ जुलै २००९ ला त्याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या संघाचे सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही बाद होऊन परत गेले, एकजणही पहिल्या तळापर्यंत पोचला नाही. नवव्या डावात एक चेंडू थेट कुंपणापार चालला होता, ड्वेन वाइज नावाच्या क्षेत्ररक्षकाने उडी मारून तो आणला. व्हाइट सॉक्सने ब्युअर्लीचा ५६ नंबरचा सदरा आता कायमचा निवृत्त केला आहे.

हा नियम २००७ साली बंद झाला आणि २०२२ मध्ये थोड्या वेगळ्या रूपात परत आला. परत आणावासा वाटला, यातच सगळे आले.

अल्बर्ट पुहोल्सच्या बाबतीत मात्र बघणारे होते, तरी त्यांना दिसले नाही. मुलगा डॉमिनिकन रिपब्लिकचा. सोळाव्या वर्षी वालिद आणि आजीबरोबर अमेरिकेत आला आणि मिझुरीत राहिला. इंग्रजी येत नव्हते, शाळेत एका शिक्षिकेने ते शिकवले. (या बाईंबद्दल आणखी वाचायला मिळावे असे आम्हाला फार वाटते. परक्या भाषेत बसलेल्या मुलाचा चेहरा आम्ही रोज बघतो.) तो कन्सास सिटीच्या मेपल वूड्स या ज्युनियर कॉलेजात खेळला. फटके असे की डोळे दिपावेत, पण पारखणारे म्हणायचे, अंगाने जड आहे, नक्की कुठल्या जागेवर खेळेल कळत नाही. आणि दबक्या आवाजात, हा सांगतो तेवढ्याच वयाचा असेल कशावरून? परदेशातून आलेल्या सावळ्या मुलाकडे बघताना हा संशय किती चटकन येतो, ते सांगायला नको. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तेरावी फेरी उजाडेपर्यंत सगळे संघ त्याला ओलांडत गेले. ४०१ मुले आधी. फर्नांडो अरांगो नावाचा टँपा बे संघाचा पारखी या मुलासाठी जीव तोडून सांगत होता. संघाने ऐकले नाही, तेव्हा त्याने नोकरी सोडली.

सेंट लुइस कार्डिनल्सने नाव घेतले आणि दहा हजार डॉलर देऊ केले. मुलगा नाही म्हणाला. त्या उन्हाळ्यात कन्सासमध्ये हौशी मुलांच्या लीगमध्ये खेळत राहिला, मग संघाने रक्कम सुमारे साठ हजारांवर नेली. मायनर लीगमध्ये एकच मोसम काढून २००१ साली तो मुख्य संघात आला, तोही एक जुना खेळाडू जखमी झाल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून. पहिल्याच वर्षी ३७ होम रन. तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०२२ साली निवृत्त झाला तेव्हा ७०३ होम रन. सातशेच्या पुढे गेलेले त्या खेळाच्या साऱ्या इतिहासात चारजण आहेत, त्यांत हा एक.

केव्हिन कीर्मायरबद्दल थोडक्यात. २०१० साली एकतिसावी फेरी, नंबर ९४१, संघ टँपा बे. फटकेबाज नव्हता, पण मैदानात वाऱ्यासारखा पळायचा. मुख्य लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो २०१३ च्या एका निर्णायक सामन्यात, तेही फक्त शेवटच्या डावात क्षेत्ररक्षणासाठी. पुढे क्षेत्ररक्षणाचा सर्वांत मोठा पुरस्कार, गोल्ड ग्लव्ह, चार वेळा मिळाला.

आणि पहिल्या नंबराची हमी? १९६६ साली स्टीव्ह चिलकॉट पहिला निवडला गेला, १९९१ साली ब्रायन टेलर. दोघांपैकी एकही मुख्य लीगमध्ये एक सामनादेखील खेळला नाही, दोघांचेही खांदे गेले. हे आम्ही समाधान म्हणून सांगत नाही. वरच्या मुलाचे वाईट झाले म्हणजे खालच्याचे भले होते, असे काही नसते.

तर आता ते आकडे. वीस फेऱ्या. म्हणजे आज पियाझाचे नाव घेतले गेले नसते, ब्युअर्लीचे नाही, कीर्मायरचेही नाही. संघांचे म्हणणे असे की आता कॅमेरे आहेत, रडार आहे, चेंडू किती वेगाने फिरतो तेही मोजता येते, मग हजार-पंधराशे मुले कशाला गोळा करायची? शिवाय ज्याचे नाव आले नाही, त्याला कुठल्याही संघाशी बोलणी करायची मोकळीक आहे. हा दुसरा मुद्दा आम्हाला पटतो. एकविसाव्या फेरीत एका संघाला बांधून घेण्यापेक्षा आपल्या सोयीचा संघ निवडणे काहींना फायद्याचेच. पहिला मुद्दा मात्र पुरता पटत नाही. पुहोल्सचे फटके मोजायला यंत्र नको होते, ते सगळ्यांना दिसत होते. नडला तो बघणाऱ्यांच्या मनातला संशय, आणि तो कुठल्या रडारवर दिसत नाही. ब्युअर्लीच्या चेंडूचा वेग तर यंत्राने मोजला असता तर तो आणखीच मागे पडला असता.

खरे कारण पैशाचे आहे, असे आम्हाला वाटते. २०२१ सालीच मायनर लीगचे संघ १६० वरून १२० वर आणले. फेऱ्या कमी, संघ कमी, म्हणजे पगार कमी. उरलेल्यांचा पगार वाढला हे खरे, आणि ते व्हायलाच हवे होते. पण जागा गेल्या त्या तळाच्या. कित्येक गावांत, जिथे दर उन्हाळ्यात माणसे पोराबाळांसह संध्याकाळी सामना बघायला जायची, तिथला जुना नातेसंबंध तुटला.

न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन हे त्यांतलेच एक शहर. २०२० पर्यंत तिथला संघ न्यूयॉर्क यांकीजच्या हाताखाली होता. यांकीजने दुसरा संघ धरला आणि ट्रेंटनला नवी लीग मिळाली, ड्राफ्ट लीग नावाची. तिच्यात मोसमाच्या पहिल्या भागात अशी मुले खेळतात ज्यांना जुलैमधल्या निवडीत आपले नाव येईल अशी आशा असते. पारखी लोक कुंपणामागे वह्या घेऊन बसलेले असतात. आमचा भाचा कुटुंबासह तिथे जातो, तिकीट परवडते आणि मुलांना मैदानाच्या अगदी जवळ बसता येते. त्याची मुलगी दरवेळी खेळाडूंची यादी विकत घेते आणि आवडत्या नावांवर खुणा करते. तिच्या खुणांचे फोटो आम्हाला येतात आणि आमच्या वहीत त्यांची भर पडते. तिच्या निवडीचे निकष आम्हाला उमगलेले नाहीत. एकदा तिने एका मुलावर खूण केली ती तो बाद झाल्यावर हेल्मेट न आपटता जागेवर ठेवून बसला म्हणून.

ड्राफ्ट झाला की या संघातली काही मुले बॅगा भरून मोठ्या संघांकडे जातात. मोसमाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि त्यात मुख्यतः ज्यांची ड्राफ्टची पात्रताच संपली आहे अशी मुले खेळतात, थोड्या पगारावर. आता त्यांचे नाव कोणी पुकारणार नाही. तरी एखाद्या संघाला ऐन वेळी कॅचर लागतो, कोणाचा खांदा दुखावतो, आणि ट्रेंटनला फोन येतो. गेल्या खेपेला भाचीने विचारले होते की मागच्या यादीतला तिचा खुणेचा मुलगा या यादीत का नाही. भाच्याने मोबाइलवर शोधून बघितले. नाव कुठल्याच संघात नव्हते. तिने नव्या यादीवर दुसऱ्या तिघांवर खुणा केल्या, आणि जुनी यादीही घडी करून खिशात ठेवली.